जुन्या ट्रकची जाळी: डाग, नवी जाळी की नवा रेडिएटर?

नवी गाडी घेतली की जुन्नर-आंबेगावचा माणूस ती आधी ओझरला विघ्नहराच्या दारात नेतो. हार घालतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू चिरडतो आणि मग पहिली खेप भरतो. पंधरा-वीस वर्षांनी तीच गाडी नारायणगाव नाहीतर आळेफाट्याच्या एखाद्या गॅरेजसमोर उभी असते. खाली पाण्याचं थारोळं साचलेलं, समोरची लोखंडी जाळी काढून बाजूला ठेवलेली, आणि मालक मनातल्या मनात हिशोब मांडतोय. रेडिएटरच्या जाळीला पुन्हा एकदा डाग द्यावा, जुन्या टाक्यांच्या मध्ये नवी जाळी बसवून घ्यावी, की अख्खा रेडिएटरच नवा आणावा?

सल्ल्याला तोटा नसतो. ड्रायव्हर म्हणतो, ‘मालक, नवाच टाका, घाटात रात्र माझी जाते.’ रेडिएटरवाला म्हणतो, ‘शेठ, जुनं पितळ आहे, असं आता मिळायचं नाही.’ पार्टच्या दुकानात काउंटरवरचा पोरगा ॲल्युमिनियमचा नवा माल पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून दाखवतो आणि वॉरंटीचं कार्ड पुढे सरकवतो. भंगारवाला काही बोलत नाही, नुसता जुन्या रेडिएटरकडे बघून जातो. मे २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात तांबं टनाला ११,००० डॉलरच्या वर गेलं होतं, हे त्याला कुणी सांगायला लागत नाही. बोलणाऱ्या तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि चौघांचाही त्यात काही ना काही हितसंबंध आहे. ड्रायव्हरचा तेवढा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण उकळतं पाणी त्याच्याच हातावर उडतं.

निर्णय करायचा तर आधी या वस्तूवर किती काम पडतं ते पाहिलं पाहिजे. डिझेल इंजिनात जळालेल्या तेलाच्या उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीतला मोठा भाग धुरावाटे जातो आणि उरलेला, म्हणजे पाव ते तिसरा हिस्सा, पाण्यात उतरतो. शंभर अश्वशक्तीचं इंजिन चढावर पूर्ण जोर लावतं तेव्हा रेडिएटरला पन्नास-साठ किलोवॅट दराने उष्णता बाहेर फेकावी लागते. घरातले पंचवीस-तीस गीझर एकाच वेळी चालू करावेत, इतकी. ही उष्णता टाकीतून खाली येणाऱ्या चपट्या नळ्यांमधून पातळ पत्र्यांच्या घड्यांवर जाते आणि तिथून वाऱ्यावर. नळ्यांना चिकटलेल्या या पत्र्यांना फिन म्हणतात. नळी आणि फिन यांचा सांधा सुटला, नळीत खडा धरला किंवा फिनमध्ये कचरा बसला, की बाकी रेडिएटर कितीही चकचकीत असला तरी उपयोग नाही.

आपल्या भागाचं आणखी एक गणित आहे. नारायणगाव-जुन्नर परिसर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे. इथे उघड्या भांड्यातलं पाणी शंभराला नाही, अठ्ठ्याण्णवच्या आतच उकळतं. जुन्या ट्रकच्या टोपणावर बऱ्याचदा ७ पीएसआय लिहिलेलं असतं. त्या टोपणाची स्प्रिंग ठणठणीत असेल तर आतला दाब वाढून उकळबिंदू १०८-१०९ अंशांपर्यंत जातो. स्प्रिंग मेलेली असेल तर हे दहा-अकरा अंश फुकट गेले. दोन-तीनशे रुपयांच्या टोपणापायी हजारोंच्या जाळीवर आळ येतो, असं गॅरेजात सर्रास घडतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की डाग की नवा, या वादाआधी गाडी गरम का होते त्याचा छडा लागला पाहिजे. पाणी कमी होतंय की पाणी भरलेलं असूनही काटा वर जातोय? पाणी कमी होत असेल तर ते बाहेर गळतंय की आत? इंजिन चालू असताना टोपणाच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइलचा रंग दुधाळ झाला असेल, तर हेड गॅस्केटकडे बघा. तिथे नवा रेडिएटर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. पाणी पूर्ण आहे, तरी सपाटीवर बरं आणि चढाला लागलं की काटा चढतो, तर फॅनचा पट्टा ढिला आहे का, फॅनभोवतीचं पत्र्याचं कवच कुणी काढून ठेवलंय का, हे आधी तपासावं. आणि थर्मोस्टॅट! जुन्या गाड्यांमध्ये तो जागेवर सापडला तर नवल. कधीतरी अडकला म्हणून कुणा वस्तादाने काढून फेकला आणि मग तीच रीत पडली. त्याशिवाय इंजिन तापायला वेळ घेतं, थंड चालतं, डिझेल जास्त खातं आणि सिलिंडरच्या भिंती लवकर झिजतात. गाडी गरम होत नाही म्हणून मालक खूश, आणि पंपावर मात्र रोज थोडे थोडे पैसे जास्त जातात.

जाळी तुंबली आहे का ते ओळखण्याची जुनी युक्ती अजून चालते. गाडी चांगली तापवून बंद करायची, पंखा थांबला की जाळीवरून हात फिरवायचा. वरून खाली ऊब सावकाश कमी होत गेली पाहिजे. मध्येच पट्टाभर गार लागलं तर तिथल्या नळ्यांतून पाणी फिरत नाही. टोपण मात्र तेव्हा उघडायचं नाही. ओल्या फडक्याने का होईना, गरम टोपण उघडून हात-तोंड भाजून घेतलेली माणसं या रस्त्यावर कमी नाहीत.

नळ्या तुंबतात कशाने? बोअरच्या पाण्याने. इथल्या काळ्या खडकातलं पाणी जड असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार त्यात असतात, आणि आटलं की पाणी घाला, आटलं की पाणी घाला, असं वर्षानुवर्षं केलं की प्रत्येक कॅनबरोबर थोडा थोडा चुना आत जाऊन बसतो. माळशेजच्या पायथ्याला ओढ्याचं गोडं पाणी भरणारे जुने ड्रायव्हर उगाच भरत नव्हते. बाहेरून तुंबण्याची कारणं वेगळी: उसाचं पाचट, रस्त्याची धूळ, किडे. त्यासाठी पुढे हिरवी शेडनेट बांधायची पद्धत आहे. किडे थांबतात, वाराही थांबतो. मग धुलाई सेंटरवर पुढून जोराचा फवारा मारला की फिन वाकतात आणि कचरा आणखी आत ठासला जातो. इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेने हलक्या धारेने धुवावं, ही गोष्ट सांगायला सोपी आणि करायला अवघड, कारण फॅन आडवा येतो.

एवढं सगळं पाहून झालं आणि दोष खरोखर रेडिएटरचाच निघाला, तर मग तीन वाटा आहेत.

पहिली वाट डागाची. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरमध्ये टाक्या आणि नळ्या पितळेच्या, फिन तांब्याच्या आणि सांधे कथील-शिशाच्या डागाचे. हा डाग दोनशे-अडीचशे अंशांच्या आत वितळतो, तांब्याला हजाराच्या वर लागतात. म्हणूनच रस्त्याकडेच्या माणसाला गॅसच्या बत्तीवर हे काम जमतं. चांगल्या रेडिएटरवाल्याचं काम बघण्यासारखं असतं. तो होजची तोंडं रबरी बुचांनी बंद करतो, एका बुचातून हवा सोडतो आणि अख्खा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवतो. जिथून बुडबुड्यांची बारीक माळ वर येते तिथे खडूने खूण. मग ब्रशने घासून पितळ उजळेपर्यंत साफ करायचं, ॲसिड लावायचं, बत्तीची ज्योत लांबून जवळ आणायची आणि डाग असा ओढून घ्यायचा की तो सांध्यात आपसूक शिरला पाहिजे. वर गोळा होऊन बसला तर तो डाग नव्हे, ती नुसती मलमपट्टी. कसबी माणूस एका नळीची गळती बंद करताना शेजारच्या चार नळ्यांचे सांधे सुटू देत नाही. कच्च्या हाताचा माणूस देतो, आणि गाडी पंधरा दिवसांत परत त्याच्याच दारात येते.

दगड लागून एखादी नळी फुटली, टाकीचा कोपरा उसवला, होजचं तोंड हललं, अशा एकेका दुखण्याला डाग हा उत्तम उपाय. स्वस्त, अर्ध्या दिवसात होणारा, आणि वस्तू जागेवर ठेवणारा. पण जाळी म्हातारी झाली असेल, फिन बोटाने चुरगळल्यावर हिरवट भुगा होऊन गळत असतील, वर्षात तिसऱ्यांदा तिसऱ्याच ठिकाणी गळती निघाली असेल, तर डाग देत राहणं हा सर्वांत महागडा मार्ग आहे. त्याची किंमत बिलावर दिसत नाही इतकंच. काहीजण मग हळद टाकतात. हळद फुगून बारीक भोक बुजवते हे खरं, आणि अडलेल्या ठिकाणाहून घरापर्यंत ती गाडी आणतेही. पण तीच हळद अर्धवट तुंबलेल्या नळ्यांनाही पुरी बुजवते. घरी पोचल्यावर पाणी काढून आतून धुतलं तर ठीक; ‘चाललंय की’ म्हणून सोडून दिलं तर पुढचा चढ तिला सोडत नाही.

दुसरी वाट खोक्यातल्या नव्या रेडिएटरची. हल्ली तो बहुधा ॲल्युमिनियमच्या जाळीचा आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांचा असतो. टाकी आणि जाळी यांच्यामध्ये रबरी गॅस्केट आणि कडेने दुमडलेल्या पत्र्याची पकड. याला नावं ठेवायची फॅशन आहे. ‘प्लॅस्टिक ते प्लॅस्टिक’ म्हणून गॅरेजात हेटाळणी होते. ती अन्यायाची आहे. तांबं ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता जास्त चांगली वाहतं, पण ॲल्युमिनियमचा पत्रा हलका आणि मजबूत असल्याने नळ्या रुंद करता येतात. शिवाय नळी-फिन भट्टीत एकसंध जोडलेल्या असल्याने सांध्यात डागाचा अडसर नसतो. सगळं धरून थंडाव्यात फरक राहत नाही. वजन कमी, माल कारखान्यात तपासलेला, शिशाचा संबंध नाही. जगभरच्या कंपन्या काही मूर्ख म्हणून तिकडे वळल्या नाहीत.

त्याची अडचण पुढे येते. प्लॅस्टिक ताप-गार, ताप-गार होऊन काही वर्षांत ठिसूळ होतं, आणि टाकीला तडा गेला की तिला आळेफाट्यावर कुणी जोडून देऊ शकत नाही. ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा थर बसतो, साधा डाग त्यावर धरत नाही. एपॉक्सीचा लेप लावून गाडी घरी आणता येते, त्यावर हंगाम काढता येत नाही. शिवाय जुन्या गाडीला नवा माल बसवताना कंस जुळत नाही, होजचं तोंड अर्धा सूत कमी-जास्त निघतं, फॅन आणि जाळी यांच्यातलं अंतर बिघडतं. मग वेल्डिंगवाला येतो आणि चॅसीला घट्ट आवळून टाकतो. जुनी चॅसी खड्ड्यात पिळवटते, तो पीळ रबराने खायचा असतो. रबर काढून बोल्ट आवळला की पीळ थेट टाकीवर. तीन महिन्यांत तडा गेला की दोष मात्र प्लॅस्टिकचा! आणि या रेडिएटरला बोअरचं पाणी मुळीच चालत नाही. ओतीव लोखंडाचं इंजिन आणि ॲल्युमिनियमची जाळी एकाच क्षाराच्या पाण्यात असतील तर गंज आतून पोखरतो. कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी हा खर्च नव्याच्या किमतीत धरलाच पाहिजे. बहुतेक मालक तो धरत नाहीत.

तिसरी वाट मधली: जुन्या पितळी टाक्या ठेवायच्या आणि मधली जाळी नवी बसवायची, म्हणजे रीकोर. माझा कल या वाटेकडे आहे, हे झाकून ठेवत नाही. जुन्या ट्रकमध्ये टाक्यांचा पत्रा जाड असतो, त्याला काही झालेलं नसतं. मापं जुळतात, कंस जुळतात, रबर जागेवर राहतं, पुढे कधी दगड लागला तर डागही देता येतो. जुन्या जाळीचं तांबं-पितळ भंगारात जाऊन बिलातले थोडे पैसे परत येतात. फसवणुकीला जागाही इथेच सर्वांत जास्त. मूळ जाळीत नळ्यांच्या चार रांगा असतील तर कारागीर तीन रांगांची बसवून देतो; समोरून बघताना फरक कळत नाही. फिन विरळ, पत्रा पातळ. रिकाम्या रेडिएटरचं वजन आधी करून ठेवलं आणि नंतर पुन्हा केलं तर चोरी लगेच उघडी पडते. पण वजनकाटा घेऊन गॅरेजात कोण जातो?

एक गंमत इथेच सांगून टाकतो. मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीचा पहिला रेडिएटर विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीजसाठी बनवला, त्यात आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या. त्याआधीच्या गाड्या वाफ सोडत पिंपच्या पिंप पाणी पीत. पुढे त्याच घराण्यातली डाइमलर-बेंझ १९५४ मध्ये टाटांबरोबर ट्रक बनवायला भारतात आली आणि १९६९ मध्ये करार संपला, तरी ‘टाटा-बेंझ’ हे नाव लोकांच्या तोंडी कितीतरी वर्षं राहिलं. आपल्या रस्त्यावरच्या जुन्या ट्रकांची नाळ तिथे पोचते. ते ट्रक दुरुस्त होण्यासाठीच घडवलेले होते, आणि त्यांच्याभोवती दुरुस्तीचं एक अख्खं गाव उभं राहिलं.

आता ट्रक कोणत्या कामाला आहे ते बघू, कारण सगळा वाद तिथेच सुटतो.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारातून माल वाशीला जातो तो पुष्कळदा आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण असा. भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते. म्हणजे रेडिएटरवर सर्वांत जास्त ताण येतो तेव्हा माल उतरलेला असतो. हे ऐकून काही मालक निर्धास्त होतात. पण परतीचं भाडं मिळालं, सिमेंट नाहीतर खत भरलं, तर तोच घाट भरल्या गाडीने चढायचा असतो. आणि जाताना कल्याणच्या वाहतुकीत गाडी तासभर रांगेत उभी राहिली की समोरून वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. माल नाशवंत. जुलै २०२३ मध्ये इथे वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या पुढे भाव गेला होता. शंभर क्रेट म्हणजे दोन टन. छोट्या टाटा ४०७ मध्ये दोन लाखांचा माल. तेव्हा पहाटेचा बाजार चुकवणारा रेडिएटर कितीही स्वस्तात दुरुस्त झालेला असो, तो परवडत नाही. पण त्याच वर्षी उन्हाळ्यात भाव इतका पडला होता की शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. तेव्हा गाडीवाल्याला भाडंही सुटत नव्हतं आणि नव्या रेडिएटरचा विचारही करवत नव्हता. मालकाचा निर्णय त्या महिन्यात खिशात काय आहे यावर ठरतो, हे दुकानात बसून सल्ला देणाऱ्यांनी विसरू नये. तरीही रात्रीची लांब पल्ल्याची नाशवंत वाहतूक करणाऱ्याला मी म्हणेन, बाबा, डागावर राहू नकोस. रीकोर नाहीतर नवा, आणि हंगामाच्या आधी.

उसाची गोष्ट निराळी. निवृत्तीनगरच्या विघ्नहर किंवा पारगावच्या भीमाशंकर कारखान्याकडे जाणारी गाडी फार लांब जात नाही. शेतातून निघते, पंधरा-वीसच्या वेगाने जाते, गव्हाणीपाशी तासन् तास रांगेत उभी राहते. वेग नाही म्हणून वारा नाही, आणि भार असतो तो कागदावरच्यापेक्षा बहुधा जास्तच. पाचट सतत जाळीवर. पण बंद पडली तरी ट्रॅक्टर दहा मिनिटांवर असतो आणि ऊस दुसऱ्या दिवशी गेला तर वजनात थोडा मार बसतो, सगळा माल जात नाही. अशा गाडीला नवा ॲल्युमिनियम रेडिएटर घेणं मला उधळपट्टी वाटते. तिला रोज संध्याकाळी जाळी झाडायची सवय, घट्ट पट्टा, बरं टोपण आणि गरजेपुरता चांगल्या हाताचा डाग, एवढं पुरतं. दोन-तीन हंगाम काढून विकायचीच असेल तर नक्कीच पुरतं.

आणि तमाशाच्या फडांच्या गाड्या. नारायणगाव तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. पाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रावाले येऊन सुपाऱ्या देतात. दसऱ्यापासून चैत्र-वैशाखाच्या यात्रांपर्यंत रंगमंच, कनात, लाइट, जनरेटर आणि माणसं जुन्या ट्रकांमधून फिरतात. आज या गावी खेळ, रात्री आवराआवर, पहाटे निघून पुढचं गाव. गाडी दिवसभर उभी, चालते ती कच्च्या-पक्क्या रस्त्याने काही तास. किलोमीटर मोजले तर फार नाहीत. पण गाडी पोचली नाही तर संध्याकाळचा खेळ नाही, सुपारीचे पैसे परत, वर पुढच्या वर्षी त्या गावचं बोलावणं येईल याची खात्री नाही. शिवाय ज्या आडगावात ती बंद पडते तिथे नव्या रेडिएटरचं दुकान नसतं, बत्ती आणि डागाची कांडी मात्र कुणाकडे तरी निघते. म्हणून इथे तांब्या-पितळेचा रीकोर केलेला रेडिएटर नव्यापेक्षा भरवशाचा, असं माझं ठाम मत आहे. या गाड्यांचा खरा शत्रू पावसाळा आहे. चार महिने गाडी उभी, आत अर्धवट साधं पाणी. लोखंड गंजतं, डागाच्या सांध्यावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि नळ्यांची तोंडं बंद होतात. जूनमध्ये पाणी पूर्ण काढून कूलंट भरून ठेवलं तर दसऱ्याच्या आधीची अर्धी धावपळ वाचेल.

दुरुस्तीच्या बाजूने एवढं बोलल्यावर तिचा काळा भागही सांगायला हवा. डागात शिसं असतं. रेडिएटर झाळणाऱ्यांच्या रक्तात शिसं चढतं, ही गोष्ट कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांना जगभर फार आधीपासून माहीत आहे. बंद खोलीत बत्ती पेटवली, त्याच हाताने भाकरी खाल्ली, तेच कपडे घालून घरी जाऊन लेकराला उचललं, की विष घरात आलं. आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सर्वांत जास्त बाधतं. ॲसिडचं पाणी गटारात, गटार मीना नदीत. जुनं कूलंट रस्त्याकडेला ओतलं तर ते गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात. स्वस्त डागाच्या किमतीतला काही भाग असा दुसरंच कुणीतरी भरतं. उघड्यावर काम, धूर ओढणारा पंखा, हात धुवायला साबण-पाणी, कपडे बदलायची सोय: यांत महागडं काही नाही. मालकाने दहा-वीस टक्के जास्त द्यावेत आणि हे मागावं. ‘स्वस्तात करून दे’ म्हणणारा गिऱ्हाईकच पंखा बसू देत नाही.

उरला तो प्रश्न सरकारदरबारचा. आठ वर्षांवरच्या व्यापारी गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोठ्या ट्रकची त्याची फी १,५०० वरून १२,५०० रुपये झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाचा रोख उघड आहे: जुनी गाडी ठेवणं महाग करा, मोडीत काढणाऱ्याला नव्या गाडीच्या करात पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत द्या. यामागचं कारण खोटं नाही. जुना ट्रक धूर जास्त ओकतो, आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीशी त्याची बरोबरी होऊच शकत नाही. एमएच-१४ ची जुनी गाडी पुण्याच्या हवेत काय सोडते हे चाकण-मोशीच्या रस्त्यावर मागे चालणाऱ्या मोटारसायकलवाल्याला विचारा. तेव्हा जुनी गाडी चालवण्यात काही पुण्य आहे, असा माझा दावा नाही.

पण एक गाडीवाला नव्या ट्रकचं हप्त्याचं कर्ज डोक्यावर घेतो तेव्हा तो वर्षाचे बारा महिने काम शोधतो. आपल्याकडे काम सहा-सात महिन्यांचं. टोमॅटो, ऊस, यात्रा यांच्या पलीकडे उरलेल्या महिन्यांत गाडी उभीच असते. हंगामी कामाला जुनी, फिटलेल्या कर्जाची गाडी हाच शहाणपणाचा सौदा ठरतो, आणि त्या गाडीला नवा रेडिएटर टाकायचा की नाही हा प्रश्न तेव्हाच येतो जेव्हा इंजिन, ब्रेक, चॅसी अजून तीन-चार वर्षं देणार असतात. देणार नसतील तर तिथे थांबावं. रेडिएटरवर खर्च झाला म्हणून पुढच्या वर्षी पंप, मग गिअर, मग पासिंग असं करत गाडीच्या किमतीएवढे पैसे तिच्यात घालणारे मालक मी पाहिले आहेत. हट्ट म्हणावा की माया, ते त्यांचं त्यांना ठाऊक. केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनंही आहेत, पोर्टलही झालं. कंपनीने सुटे भाग आणि माहिती द्यावी ही मागणी रास्त आहे. पण आपल्याकडे तुटवडा सुट्या भागांइतकाच कसबी हातांचाही आहे. रेडिएटरवाल्याचा मुलगा हे काम करायला तयार नाही, आणि शिशाचा धूर बघता त्याला बोलही लावता येत नाही.

तेव्हा जाळी बदलायचं ठरवलंच असेल तर काम सांगतानाच बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: मूळ रांगा किती आणि नव्या किती, फिन तांब्याच्या की दुसऱ्या कशाच्या, जुनी जाळी परत मिळणार की तिचे पैसे वळते होणार, आणि हौदात किती दाबावर तपासली. टोपणावर लिहिलेल्या दाबापेक्षा थोड्या जास्त दाबावर ती तुमच्यासमोर बुडवायला लावा. चांगला कारागीर यात काही लपवणार नाही. जो ‘शेठ, विश्वास नाय का?’ म्हणतो, त्याच्याकडून गाडी उचलून पुढच्या गॅरेजात न्या. हंगाम सुरू व्हायला अजून महिना असेल तर तेवढा वेळ हातात असतो.